सामाईक जंगल न विकता राखायचं, तर टेटेपारेच्या लोकांनी हे कसं जमवलं?

रायवळ:
आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. सड्याखालचं जंगल खासगी, सातबारा सामाईक, निम्मे हिस्सेदार मुंबईत. दर काही वर्षांनी लाकडाचा ठेकेदार येतो, दोघातिघांना गाठून उचल देतो आणि बाकीचे गप्प बसतात. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांतलं टेटेपारे हे आख्खं बेट मालकांनीच लाकूड कंपन्यांना दिलं नाही म्हणे, तेही मालक दुसऱ्या बेटांवर विखुरलेले असताना. त्यांना एकत्र कसं आणलं? आणि जंगल राखून हातात काय पडतं? तिकडे कोणी राहिलंय का?

मुंडाची_बाई:
मी सॉलोमन बेटांतल्या मुंडा या गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. टेटेपारेला तिथूनच होडीने जातात. बेट सुमारे 118 चौरस किलोमीटरचं, आणि एकोणिसाव्या शतकातच ओस पडलेलं. बहुधा मुंडकी कापण्याच्या लढायांमुळे लोक रेंडोव्हा आणि आसपासच्या बेटांवर पांगले. जमिनीवरचा हक्क मात्र वंशाने चालत राहिला.

कंपन्या ओंडक्यांसाठी मागे लागल्या तेव्हा या वारसांनी 2002 मध्ये ‘टेटेपारे डिसेंडंट्स असोसिएशन’ स्थापली. सभासद व्हायचं तर वंशावळीतून नातं दाखवायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. तिकडे बहुतेक जमीन कुळांची, पण तोडीच्या करारावर सह्या करतात मोजके विश्वस्त, आणि पैसाही बऱ्याचदा त्यांच्यापाशीच अडकतो. आता सभासद हजारोंच्या घरात आहेत, त्यामुळे चारदोघांना गाठून कोणाचं भागत नाही.

हातात काय पडतं? आसपासच्या गावांतली मुलं रेंजर होतात, पगार मिळतो. सागोच्या पानांनी शाकारलेल्या घरांत पाहुणे उतरतात. सभासदांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते, आणि माझ्या मते बायकांना संघटना आपली वाटते ती यामुळेच. रेंडोव्हावर चामडी पाठीच्या कासवाचं घरटं कळवणाऱ्याला पैसे मिळतात, काही भाग गावाच्या निधीत जातो. पूर्वी हीच अंडी खाल्ली जायची.

एका रात्री मी काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर रेंजरसोबत होते. भरतीच्या पाण्यात जाईल असं एक घरटं तो वर हलवत होता. एकेक अंडं चिमटीत धरून, जसं होतं तसंच, जराही न फिरवता. फिरलं तर आतला जीव मरू शकतो. इतकी सावकाशी मी कुणाच्या हातात पाहिली नाही.

भरती_ओहोटी:
पर्यटनावर भिस्त ठेवणं धोक्याचं. 2020 च्या मार्चपासून 2022 च्या जुलैपर्यंत सॉलोमन बेटांची दारं पाहुण्यांना बंद होती. तेव्हा काय खाल्लं?

मुंडाची_बाई:
मुद्दा बरोबर आहे. एकट्या पाहुण्यांवर जंगल टिकत नाही. गावात बागा आणि मासळी होती, म्हणून पोटाची सोय झाली. पण रोकड तुटली की ठेकेदार पुन्हा दारात येतो. म्हणून मला चोइसूल बेटावरच्या सिरेबे टोळीची वाट जास्त भरवशाची वाटते. 2010 च्या संरक्षित क्षेत्र कायद्याखाली त्यांनी 2019 मध्ये आपलं जंगल नोंदवलं. देशातलं असं नोंदलेलं ते पहिलं जंगल. तिथे व्यापारी तोड आणि खाणकाम कायद्यानेच बंद. न तोडलेल्या जंगलात जो कार्बन अडून राहतो, त्याचे कार्बन क्रेडिट, म्हणजे हिशोबाची प्रमाणपत्रं, विकून टोळीला पैसा मिळतो.

शिवाय न्गाली हे कठीण कवचाच्या फळांचं झाड आहे. आपल्या सह्याद्रीतल्या धूपाच्या झाडाचा सख्खा भाऊच. दगडावर दगड मारून बाया गर काढतात, वाळवतात, बाजारात विकतात. झाड उभं राहिलं तरच हे उत्पन्न.

रायवळ:
आमच्याकडे हिरडा-बेहडा भरपूर आहे, पण व्यापारी देईल तो भाव. मुंबईकर हिस्सेदारांना काय सांगू?

मुंडाची_बाई:
आधी वंशावळ पुरी करा, लग्न होऊन गेलेल्या मुलींसकट. गणपतीत सगळे गावी येतात, तेव्हाच बैठक लावा आणि एकट्यादुकट्याने ठेकेदाराकडून उचल घ्यायची नाही असा लेखी ठराव करा. हिरड्याचा माल एकत्र करून एकाच वजनकाट्यावर विका. पहिल्या हंगामाचा हिशोब, रक्कम कितीही लहान असो, प्रत्येक हिस्सेदाराच्या नावासमोर लिहून ग्रुपवर टाका.