निळ्या रेषेतली घरं: दोष कुणाचा?

मुठेकाठी: ‘नदीत फ्लॅट घ्यायचे आणि पाणी घुसलं की सरकारच्या नावाने गळा काढायचा’ ही ‘पेठेतला’ यांची पोस्ट वाचून राहवलं नाही. आमच्या सोसायटीचा नकाशा मंजूर आहे, बँकेने कर्ज दिलंय, पालिका मिळकतकर घेते. निळी रेषा, म्हणजे पुराची हद्द, जिच्या आत नवं बांधकाम चालत नाही, ती आखली आम्ही राहायला आल्यानंतर. आणि ती रेषा ६० हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ६० हजार घनफूट पाण्याच्या पुराची. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सोडलं ३५ हजारांच्या आसपास. मग पुण्यातली आमची एकतानगरी बुडाली कशी? पात्रात राडारोडा कुणी ओतला, तेही लिहा की. त्या पहाटे वीज गेलेली, आम्ही सगळे जिन्यात, आणि तळमजल्यावरच्या काकूंचा तरंगता फ्रिज आतून दाराला धडका देत होता. इशाऱ्याचा भोंगा वाजला म्हणतात. आम्हाला तरी नाही ऐकू आला.

पेठेतला: मंजूर नकाशा पाण्याला दाखवायचा होता. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, आजोबांचं दुकान गेलं. नंतर घरात कुणी नदीकडे जागा बघितली नाही. ‘रिव्हर व्ह्यू’ला जादा पैसे मोजताना कळलं नाही?

मुठेकाठी: कसला व्ह्यू? वन बीएचके आहे हो! वडिलोपार्जित वाडा असला की शहाणपण फुकट सुचतं.

निवृत्त_पाटबंधारे: ३५ हजार हा फक्त धरणाचा विसर्ग. धरणाखाली पडणारा पाऊस ओढ्या-नाल्यांतून थेट मुठेत येतो, तो त्यात नसतो, आणि त्या रात्री शहरातही धो धो होता. पात्र आवळलंय हे मात्र खरं. विठ्ठलवाडीच्या पात्रातल्या रस्त्याबद्दल हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये पालिकेला उगाच नाही फटकारलं.

मुठेकाठी: म्हणजे आमचंच म्हणणं, साहेबी भाषेत.

गॅरेजवाला: भांडा निवांत, पण बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमावाले म्हणणार, तुम्हीच चालू केली.

पेठेतला: विम्यात इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर असलं तर मिळतात पैसे. मेव्हण्याला मिळाले.

गॅरेजवाला: सगळ्यांना नाही मिळत. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. माझ्याकडे एक गाडी आली होती, गिऱ्हाइकाने चारदा सेल्फ मारलेला. प्रोटेक्ट असूनही क्लेम फेटाळला.

पेठेतला: तो एजंट बोगस असणार.

गॅरेजवाला: एजंटला काय बोलता, सर्व्हेअर बघा आधी!

मुठेकाठी: इथे घरं बुडाली आणि तुमचं काय चाललंय? आमची इमारत जुनी झालीय. निळ्या रेषेत नवं बांधकाम नाही, म्हणून पुनर्विकासाला बिल्डर फिरकत नाही. विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिलं विचारतं, पाणी कुठवर आलं होतं? जागेच्या मोबदल्यात टीडीआर तरी द्या, जातो उठून.

पेठेतला: बरं बाबा, घेणाऱ्यापेक्षा मंजुरी देणारा मोठा गुन्हेगार. झालं समाधान? पण टीडीआर माझ्या करातून कशाला?

निवृत्त_पाटबंधारे: टीडीआर रोख नसतो हो, दुसऱ्या जागी वापरायचा बांधकामाचा हक्क असतो. निदान एवढं तरी माहीत करून पोस्टी टाका.

पेठेतला: मग तो हक्क आमच्या पेठेत आणून ओतणार ना? इथे आधीच दोन गाड्या समोरासमोर आल्या की तासभर भांडण.

गॅरेजवाला: त्यात घासलेल्या बंपरचा क्लेम होतो बरं का.