मराठी झॉम्बी : मढं उठणार कुठून?

मासुंदाकाठ

ठाण्यातल्या चौघांनी झॉम्बींच्या इतिहासावर ९६ पानी चित्रकादंबरीचा आराखडा आणि नमुना पानं या धाग्यावर टाकली : वसई १७३९ (मराठ्यांचा वेढा), हैती १७९१ (गुलामांचं बंड), ठाणे १८९७ (प्लेग). त्यावर 'वेताळटेकडी' यांचा शेरा, "घरचा वेताळ उपाशी, बाहेरचा झॉम्बी तुपाशी." वर टाळ्याही पडल्या. म्हणून हे लांबलचक.

वेताळ मढ्यात भाडेकरू म्हणून राहतो. विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, वर राजाची अक्कल तपासतो. झॉम्बीची नेमकी अक्कलच गेलेली असते. आणि आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. त्या राखणदारालाच माणसं खायला लावायची का?

वेताळटेकडी

हैतीचा झॉम्बी तरी कुठे माणसं खातो? बोकोर, म्हणजे तिथला मांत्रिक, त्याला थडग्यातून उठवून राबायला जुंपतो. मीठ चाखलं की त्याला भान येतं. तिथली भीती चावण्याची नाहीच, मेल्यावरही गुलामी सुटणार नाही याची आहे. मांस खाणारा झॉम्बी १९६८च्या अमेरिकी सिनेमाचा. आराखड्यात मात्र १७९१चा गुलाम फ्रेंच मळेवाल्याच्या नरड्याला चावतोय. बंड कशासाठी होतं तेच पुसून टाकलंत.

दुसरं, आपल्याकडे मढं उठणार कुठून? माणूस दुपारी गेला की दिवेलागणीच्या आत राख.

कोपरीकर

सरसकट नको. संन्यासी, लिंगायत, तान्ही मुलं, मुसलमान, ख्रिस्ती सगळे पुरलेच जातात. वसईच्या किल्ल्यात तर चर्चच्या फरशीतच थडगी आहेत, वर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली.

पण चित्रकाराने त्या फरशीतून हात वर काढलाय! सहा फूट बाय अडीच फूट, सहा इंच जाड काळी शिळा धरा. सहाशे किलोच्या घरात जाते. मेलेला माणूस आडव्याने ती उचलणार? 'सुरुंगाने उलथली' म्हणाल, तर सुरुंग तटाबुरुजांखाली लावले होते, चर्चखाली नव्हे. खिंडारातली ताजी प्रेतं उठवा, प्रश्न मिटला.

मासुंदाकाठ

शिळेचं मान्य.

दहनाचं मात्र उलट आहे, त्यातच गोष्ट आहे. एका चितेला आठ मण म्हणजे तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं. प्लेगात एकाच दिवशी दहा प्रेतं आली तर ते आणायचं कुठून? त्यात प्लेगच्या बंदोबस्तात प्रेतांचीही तपासणी आली. डॉक्टर येईपर्यंत मढं पडवीत पडून. चावल्यापासून उठायला सहा तास धरा आणि डॉक्टर सातव्या तासाला पोचवा. झालं प्रकरण.

तुर्भे_प्रूफ

मढं नंतर उठवा हो, आधी छपाई उठू द्या. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, एकरंगी छापायचं ठरलंय आणि निम्म्या पानांना काळी पार्श्वभूमी. हा कागद शाई पितो, काळा सुकल्यावर राखाडी दिसतो. मग मशीनवाला शाई वाढवतो. त्याने बारीक रेघा भरतात आणि थप्पीतल्या वरच्या कागदाच्या पाठीला काळं लागतं. शाई वाढवू नका, काळा दोनदा मारा. कागद किमान १०० जीएसएम घ्या, नाहीतर मागच्या पानावरचा झॉम्बी पुढच्या पानावर दिसेल.

घोडबंदर

चाररंगी काळा घ्या : सायन ६० टक्के, मजेंटा ४०, यलो ४०, काळा १००. इतिहासावर भांडण्यापेक्षा एवढं शिकलात तर बरं.

तुर्भे_प्रूफ

शिकवणी नको. बेरीज २४० झाली, मॅपलिथोवर ती वाळेपर्यंत पावसाळा येईल. आणि काळ्यातून पांढरी अक्षरं काढलीत ती? ९ पॉइंटातला अनुस्वार अर्धा मिलिमीटरही नसतो. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, एक दशांश मिलिमीटर हललं की त्याच्या कडेला रंग चढतो, शाई फुगली की टिंब गायब. इंग्रजीत आयवरचं टिंब गेलं तरी वाचता येतं. इथे 'अंत'चा 'अत' होतो.

घोडबंदर

म्हणून अक्षराभोवती बाकीचे तीन रंग पाव मिलिमीटर मागे घेतात, कडेला नुसता काळा राहतो. हे न करता चाररंगीच्या नावाने गळा काढायचा!

तुर्भे_प्रूफ

बरं, ते करा. आर्ट पेपरवर. खर्च मात्र तुम्ही द्या.

रेखाटनं ३०० डीपीआयच्या जेपेगमध्ये दिलीत तर कडा राखाडी होतात, त्यावर जाळी पडते आणि दातांना दात फुटतात. १२०० डीपीआय, नुसता काळा-पांढरा बिटमॅप, छापायच्या मापातच. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार म्हणून, द्या, नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते.

कोपरीकर

धागा झॉम्बींचा होता ना? का आता शाईलाच पिंड द्यायचा?

तुर्भे_प्रूफ

झॉम्बींचंच घ्या. सगळ्यात मोठं जोडचित्र ४८-४९ वर आहे. सोळापानी सहा फॉर्म, प्रत्येक फॉर्म म्हणजे एक दुमडलेला छापील कागद : ४८वर तिसरा संपतो, ४९वर चौथा सुरू. दोन अर्धे दोन वेगळ्या कागदांवर, काळ्याची छटाही जुळणार नाही. त्यात परफेक्ट बाइंडिंग, पानं पाठीला गोंदाने चिकटवलेली, म्हणजे झॉम्बीचं नाक पाठीच्या गोंदात. ४०-४१ वर न्या, तो तिसऱ्या फॉर्मचा मध्य आहे. आणि दोऱ्याची शिलाई करा.

वेताळटेकडी

नाक गेलं तर झॉम्बीला काय फरक पडतो म्हणा.

ठाण्याच्या प्रकरणाला माझी हरकत नाही, डॉक्टर उशिरा येतो हे पटण्यासारखं आहे. हैतीचा चावा मात्र काढा, तिथे मिठाचं पान घाला. आणि शब्दही नीट लिहा. 'झॉम्बी' म्हणजे मढं, 'झोंबी' म्हणजे कुस्ती. नमुन्यातल्या काळ्या मुखपृष्ठावर पांढऱ्यात 'झोंबी' लिहिलंय.

तुर्भे_प्रूफ

लिहिलंय 'झोंबी'. छापून येईल 'झोबी'.