प्रतिसाद: सर्वात कमी वेग हा नेहमीच उपाय नसतो
डीव्हीडीवर लिहिताना (बर्न करताना) काम ऐंशी-नव्वद टक्क्यांवर अडकत असेल तर सर्वात कमी वेगाने लिहावे, हा या चर्चेत वर दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. ड्राइव्ह आधी कोऱ्या डिस्कवरचा उत्पादकाचा कोड वाचतो, आपल्या फर्मवेअरमधील (ड्राइव्हच्या आतच साठवलेल्या सॉफ्टवेअरमधील) यादीत तो शोधतो आणि त्यानुसार लेझरची शक्ती व स्पंद ठरवतो. कोड यादीत नसेल तर सरधोपट पद्धत वापरली जाते. ही जुळवणी सर्वात कमी वेगासाठी चांगली असेलच असे नाही; म्हणून १६एक्सच्या (मूळ वेगाच्या सोळा पटीपर्यंत लिहिता येणाऱ्या) डीव्हीडी-आरसाठी, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडीसाठी, ८एक्स हा वेग बहुधा ४एक्सपेक्षा सुरक्षित ठरतो. लेखन आतून बाहेर सरकते आणि ज्यावर लेझर लिहितो तो रंगद्रव्याचा थर बाहेरच्या कडेलाच जास्त असमान असतो, त्यामुळे अपयशही शेवटी येते.

चर्चेत न आलेली एक गोष्ट सांगतो. खानापूर तालुक्यातील एका लग्नाच्या चित्रीकरणाच्या प्रती काढण्यासाठी मी बेळगावच्या खडे बाजारातून एकाच ब्रँडची, हुबेहूब वेष्टनाची पन्नास-पन्नास डिस्कची दोन पुडकी आणली होती. पहिल्यातल्या सगळ्या डिस्क नीट झाल्या, दुसऱ्यातील सात ओळीने वाया गेल्या. (वरपक्षाचे रोजचे फोन निराळेच.) ड्राइव्हला दोष देऊन नवा घेण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात दोन्हींचा कोड तपासला, तर तो वेगवेगळा निघाला, म्हणजे छाप एक आणि कारखाने दोन. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर त्याच पुडक्यातील उरलेल्या डिस्क ८एक्सवर बिनतक्रार लिहिल्या गेल्या.