बाइक धुतल्यापासून मिसिंग करतेय (इंजिन मधेच अडखळतंय), काय करू?

परवा कोकणातून आलो, गाडी लाल चिखलाने पार माखलेली म्हणून वॉशिंगला टाकली, त्या पोराने प्रेशरचा पाइप थेट इंजिनवरच धरला आणि तेव्हापासून मिसिंग करतेय, चेनपण कुरकुरतेय. आता घरीच धुवायचं ठरवलंय, पण कसं?

उत्तर: स्पार्क प्लगच्या कॅपमध्ये पाणी गेलं असणार भाऊ. इंजिन गार असताना कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पूस, थोडा वेळ उन्हात ठेव, मग लाव. आणि गरम इंजिनवर गार पाणी कधीच नको.

उत्तर: सायलेन्सरच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, बादली-मग पुरे. चिखल आधी भिजू दे, तसाच घासलास तर टाकीवर बारीक चरे पडतात, माझ्या काळ्या टाकीवर उन्हात अजून दिसतात रे. कपड्याची पावडर नको, गाडीचा शाम्पू घे.

उत्तर: चेन सुकली की ल्यूब (चेनचं वंगण) मार, चाक हाताने मागे फिरवत, इंजिन बंद ठेवूनच, इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरवलीस तर बोटं चेनमध्ये जातात. ब्रेकच्या डिस्कवर ल्यूबचा थेंबही उडू देऊ नको. निघताना हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाब, ओले असताना नीट लागत नाहीत.