ते १७९० चं जेवण आणि एलायझा
अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन लोकांना कळला तो ब्रॉडवेच्या ‘हॅमिल्टन’ या म्युझिकलमुळेच, असं म्हणतात ते बऱ्याच अंशी पटतं, पण त्याचं खरं काम नाटकाला अजिबात न शोभणारं होतं हो, कर्ज! स्वातंत्र्ययुद्धात राज्यांनी काढलेली कर्जं केंद्राने अंगावर घ्यायची हा त्याचा हट्ट, आणि दक्षिणेतल्या व्हर्जिनिया राज्याने स्वतःचं बरंचसं फेडलेलं, मग ते कशाला ऐकतील? शेवटी १७९० मध्ये व्हर्जिनियाच्याच थॉमस जेफरसनकडे (तेव्हाचा परराष्ट्रमंत्री) जेवणावर तोडगा निघाला, कर्ज केंद्राकडे आणि राजधानी दक्षिणेला पोटोमॅक नदीच्या काठी. आता एवढा रुक्ष व्यवहार नाटकाचा लेखक-संगीतकार लिन-मॅन्युएल मिरांडाने गाण्यात आणला तो हॅमिल्टनचा राजकीय प्रतिस्पर्धी आरन बर याच्या तोंडून, म्हणजे जो त्या खोलीत नव्हताच त्याच्या, आणि बंद दाराआडचं राजकारण बाहेर राहिलेल्या माणसाला कसं जाळतं ते तिथे लख्ख दिसतं. माझ्या मते नाटकातली सगळ्यात थोर जागा हीच.

आणि हॅमिल्टनच्या बायकोला, एलायझाला विसरू नका. नवरा १८०४ मध्ये द्वंद्वात गेला, ती त्यानंतर ५० वर्षं जगली, त्याची कागदपत्रं जमवत राहिली, न्यूयॉर्कमध्ये अनाथाश्रम उभा करण्यात पुढे होती. शेवटचं गाणं तिच्यावर येऊन थांबतं, तिथे दर वेळी डोळे भरून येतात माझे.