बुन्युएलचा सर्वोत्तम सिनेमा कोणता? (फ्रेंच सोडून बोला)

रीळवाला

स्पॅनिश दिग्दर्शक लुईस बुन्युएल म्हटलं की गप्पा दोन टोकांना पळतात. एकीकडे १९२९ सालच्या पहिल्या सिनेमातला वस्तऱ्याने कापलेला डोळा (मेलेल्या वासराचा होता तो), दुसरीकडे उतारवयातले फ्रेंच सिनेमे. मधला मेक्सिकोचा काळ 'पोटापाण्याची कामं' म्हणून उरकला जातो. म्हणून इथे एकच अट: मूळ संवाद स्पॅनिश असलेलेच सिनेमे धरायचे.

माझं मत 'लोस ओल्विदादोस'ला (१९५०), म्हणजे 'विसरलेले'. मेक्सिको सिटीच्या वस्तीतली पोरं, २१ दिवसांचं चित्रीकरण, जेमतेम ८० मिनिटांचा सिनेमा. सुधारगृहातून पळालेला हायबो, आईने जवळ करावं म्हणून तडफडणारा पेद्रो, बापाने बाजारात सोडून दिलेला ओहितोस आणि पोरांचा मार खाणारा आंधळा भिकारी. एरवी या आंधळ्याची कीव करायला लावली असती. इथे तो लबाड आहे, लहान पोरींच्या बाबतीत त्याची नियत खराब आहे, आणि असली पोरं जन्मायच्या आधीच मारायला हवीत असं शेवटी तोच ओरडतो. कुणाचीही बाजू घ्यायला जागाच ठेवलेली नाही.

त्यातलं पेद्रोचं स्वप्न नीट बघा. हालचाल संथ, आई बोलते पण ओठ हलत नाहीत, वरून पिसं पडताहेत, पलंगाखाली हायबोने मारलेला खुलियान. आई कच्च्या मांसाचा गोळा पुढे करते आणि पलंगाखालून हायबोचा हात येऊन तो हिसकावतो. आईने त्याला घरात जेवायला नाकारलंय, ते आपण आधीच पाहिलेलं असतं. म्हणजे स्वप्न आभाळातून पडलेलं नाही, उपाशी पोटातून आलंय. त्याच्या तरुणपणच्या दोन्ही अतिवास्तव सिनेमांत ही पक्की गाठ नाही.

तिसरी घंटा

स्वप्नाबद्दल मान्य. पण सर्वोत्तम? साफ असहमत. या सिनेमाला सुरुवातीलाच निवेदन चिकटवलंय: न्यूयॉर्क, पॅरिस, लंडनची दृश्यं दाखवून 'मोठ्या शहरांत हे सगळीकडे असतं' अशी समजूत घालणारं. पुढे पेद्रोला जिथे पाठवतात त्या शेतीशाळेचे ते समजूतदार मुख्याध्यापक येतात आणि सिनेमा काही मिनिटं शासकीय माहितीपट होऊन बसतो. ज्या बुन्युएलला उपदेशाचं वावडं, त्याने हे का ठेवलं? ठेवावं लागलं म्हणून.

मी 'विरिदियाना'च्या (१९६१) बाजूने. इथेही सेन्सॉर आडवा आला, पण त्याचा कसा उपयोग करून घेतला बघा. मूळ पटकथेत शेवट असा होता: मठ सोडून भिकाऱ्यांना आसरा देणारी विरिदियाना चुलतभाऊ खोर्खेच्या खोलीचं दार वाजवते, आत जाते, दार बंद. स्पेनच्या सेन्सॉरने हरकत घेतली. मग नवा शेवट आला. खोलीत मोलकरीण रामोना आधीपासूनच आहे, ग्रामोफोनवर रॉक गाणं चालू आहे, आणि खोर्खे दोघींना बसवून पत्ते वाटतो. चुलतबहीण एक ना एक दिवस आपल्याबरोबर डाव मांडणार हे ठाऊकच होतं, असं वर म्हणतो. कॅमेरा मागे मागे जातो. दोघांच्या जागी तिघं झाली आणि आक्षेपार्ह म्हणावं असं पडद्यावर काहीच नाही! सेन्सॉरने पास केलेला शेवट आधीच्यापेक्षा दुप्पट वाह्यात निघाला.

त्यानंतर जे झालं ते ठाऊक असेलच. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार (आंरी कोल्पीच्या सिनेमाबरोबर विभागून), स्पेनच्या चित्रपट खात्याच्या प्रमुखाने मंचावर जाऊन तो स्वीकारला, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने झोड उठवली, त्या प्रमुखाची खुर्ची गेली, आणि सिनेमा स्पेनमध्ये दिसला थेट १९७७ मध्ये, हुकूमशहा फ्रँको गेल्यावर.

सावळागोंधळ

दोघंही कथेचं कौतुक करताय. रचनेचं बोला. 'एल आन्हेल एक्स्तेर्मिनादोर'च्या (१९६२) जवळपास यातलं काहीही जात नाही. मेजवानीला आलेली वीसेक श्रीमंत माणसं दिवाणखान्यातून बाहेर पडू शकत नाहीत. दार उघडं आहे, अडवणारं कुणी नाही. झालं, एवढंच सूत्र.

यात पुनरावृत्ती वीसच्या आसपास आहेत असं खुद्द बुन्युएल सांगायचा. पाहुणे बंगल्यात शिरतात ते दोनदा, दुसऱ्यांदा कॅमेरा वरून. संकलनाच्या वेळी छायाचित्रकार फिगेरोआला ती चूक वाटली होती. यजमान नोबिले एकच शुभेच्छा दोनदा देतो: पहिल्यांदा सगळे पेले उंचावतात, दुसऱ्यांदा कुणी ढुंकून बघत नाही. दोन पाहुण्यांची ओळख तीनदा होते: एकदा रीतसर, एकदा जुन्या दोस्तांसारखी, एकदा थंडपणे. आणि सुटका कशी होते? कोण कुठे बसलं होतं ते आठवून सगळ्यांनी जागा घ्यायच्या, पियानोचा तोच तुकडा संपू द्यायचा, तीच वाक्यं पुन्हा बोलायची. म्हणजे कोंडलं पुनरावृत्तीने आणि सोडवलंही पुनरावृत्तीनेच. पटकथेचं असं गणित जमलेला सिनेमा मला तरी दुसरा माहीत नाही.

रीळवाला

गणित छानच आहे, पण एक अडचण आहे. बुन्युएलला स्वतःलाच हा सिनेमा अर्धवट वाटत होता. पॅरिस किंवा लंडनमध्ये, तिथले नट आणि खरा थाटमाट घेऊन करायला हवा होता, असं त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. जेवणाच्या मेजावरचा भारी रुमाल एकच दाखवता आला, तोही रंगभूषा करणाऱ्या बाईकडून मागून आणलेला. चैनीची सवय झालेली माणसं घाणीत उतरतात हा सिनेमाचा जीव. ती चैनच स्वस्तातली असेल तर घसरण अर्ध्या जिन्यावरून सुरू होते.

आणि तिसरी घंटा, शेतीशाळेबद्दल. मुख्याध्यापक पेद्रोला ५० पेसो देऊन सिगारेटी आणायला बाहेर पाठवतात, विश्वास दाखवायला म्हणून. फाटकाबाहेर हायबो उभा. पैसे गेले, पोरगा गेला. हा सरकारी माहितीपट नव्हे, त्याची दोन मिनिटांत केलेली वासलात आहे. शिवाय त्याच शाळेत पेद्रो अंडं फोडून थेट कॅमेऱ्यावर मारतो. काचेवरून बलक ओघळतो. दया करायला आलेल्या प्रेक्षकाच्या तोंडावर.

तिसरी घंटा

अंडं मान्य! त्याला तोड नाही.

पण 'विरिदियाना'तलं संकलनही बघा. विरिदियाना भिकाऱ्यांना घेऊन बदामाच्या झाडांखाली सांजप्रार्थना म्हणतेय आणि खोर्खेची माणसं वाड्याची डागडुजी करताहेत. प्रार्थनेची एक ओळ, की लगेच चुन्याचा फटकारा. पुन्हा ओळ, फळी आपटली. ओळ, करवत. प्रत्येक तुकडा क्षणभराचा. तिचा धर्म आणि त्याचा उद्योग यांची टक्कर एकाही संवादाविना. दुसरं, गाडीला बांधलेल्या कुत्र्याचं. बिचाऱ्याची फरफट बघवत नाही म्हणून खोर्खे तो विकत घेतो, आणि त्याची पाठ वळताच समोरून दुसरी गाडी जाते, तिलाही तसाच कुत्रा बांधलेला. भूतदयेवर व्याख्यान दिलं असतं तर तासभर लागला असता.

पिटातला

'विरिदियाना'ची खोट नेमकी त्या कुत्र्यात आहे. एकदा बघितल्यावर पुढचं सगळं कळतं. दान फुकट जातं, बरं मग? भिकाऱ्यांची पंगत उधळणार हे ती पंगत बसण्याआधीच ठरलेलं. तेरा जण येशूच्या 'शेवटच्या भोजना'च्या चित्रासारखे बसतात, मध्ये आंधळा, समोर एक बाई झगा वर करून 'फोटो' काढते. धक्का बसतो, पण तो एकदाच बसतो. 'ओल्विदादोस'मधला आंधळा माणूस वाटतो, हे भिकारी पोस्टरवरचे वाटतात.

माझं मत कुणीच न काढलेल्या 'एल'ला (१९५३). स्पॅनिशमध्ये 'एल' म्हणजे 'तो', बस. संशयी नवऱ्याची गोष्ट, वरकरणी बाजारू मेलोड्रामा. सुरुवात पवित्र गुरुवारच्या पाय धुण्याच्या विधीने. पाद्री पोरांचे पाय धुतोय, चुंबन घेतोय. नायक फ्रान्सिस्कोची नजर रांगेतल्या पावलांवरून सरकत जाते, एका बाईच्या बुटांवर थांबते, आणि मग वर चेहऱ्याकडे. भक्ती आणि वासना एकाच सरकत्या शॉटमध्ये, तीही पहिल्या पाच मिनिटांत. मधुचंद्राच्या हॉटेलात शेजारचा डोकावतोय या संशयाने तो कुलपाच्या भोकातून लांब सुई खुपसतो. पुढे एका रात्री दोरी, ब्लेड, सुई-दोरा, कापूस घेऊन झोपलेल्या बायकोकडे जातो. सुई-दोरा कशाला ते सिनेमा सांगत नाही, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. मनोविश्लेषक लाकाँ हा सिनेमा विद्यार्थ्यांना दाखवायचा, उगाच नव्हे.

शेवट तर बघाच. फ्रान्सिस्को मठात, सगळ्यांच्या मते पूर्ण बरा झालेला. तो वाटेने निघतो आणि नागमोडी चालायला लागतो, पूर्वी वेडाच्या भरात घराच्या जिन्यावर चालला होता तसाच. संवाद नाही.

सावळागोंधळ

'एल' चांगलाच आहे, पण तो पूर्णपणे नवऱ्याचं काम करणाऱ्या आर्तुरो दे कोर्दोबाच्या खांद्यावर उभा आहे. नवरा सोडला तर बाकीची पात्रं कागदी. बायकोचा जुना वाग्दत्त वर तर फक्त तिची कहाणी ऐकून घ्यायला मोटारीत बसवलाय.

पंगतीबद्दल मात्र पिटातला यांच्याशी सहमत. म्हणून तर 'आन्हेल'. त्यात मेंढ्या आणि अस्वल का आहेत, याचं एकच उत्तर कुणालाही देता येत नाही.

रीळवाला

उत्तर देता न येणं हा आपोआप गुण होत नाही, राव.

'ओल्विदादोस'मध्येही त्याला असलं काही घालायचं होतं. हायबो खुलियानला मारतो (हात मोडल्याचं सोंग, झोळीत दगड), तिथे मागे अर्धवट इमारतीचा सांगाडा दिसतो. त्या सांगाड्यात शंभर वादकांचा वाद्यवृंद क्षणभर दिसावा, अशी त्याची कल्पना. निर्माता दान्सिगेर्सने हाणून पाडली. माझ्या मते बरंच झालं. वाद्यवृंद आला असता तर नजर खुनावरून हटून दिग्दर्शकाच्या हुशारीकडे गेली असती. रिकामा सांगाडा जास्त बोलतो. पैशाची आणि निर्मात्याची वेसण होती म्हणून तो सिनेमा इतका घट्ट झाला, असंच मी म्हणेन.

तिसरी घंटा

हे जरा जास्त होतंय. वेसणीमुळेच सिनेमा चांगला होतो म्हणता? मग 'सिमोन देल देसिएर्तो' (१९६५) घ्या. पैसे संपले म्हणून ४५ मिनिटांत आटोपला. खांबावर उभ्या तपस्व्याला सैतान उचलून थेट न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात नेऊन बसवतो आणि खेळ खलास. काही जण त्याला धाडसी शेवट म्हणतात, मला तर तो गुंडाळलेला गाशा दिसतो. आणि तुमच्या दान्सिगेर्सच्या वेसणीने काय काय केलं तेही सांगा की. 'ओल्विदादोस'चा एक गोड शेवटही चित्रित झाला होता: हायबो मरतो, पेद्रो वाचतो, पैसे घेऊन शेतीशाळेत परत जातो. त्याची रिळं पुढे मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संग्रहात सापडली. तेव्हा वेसण अजून थोडी ओढली असती, तर आपण आज या सिनेमावर बोलत नसतो.

रीळवाला

हा मुद्दा लागला. वेसण म्हणजे वरदान असं म्हणणं मागे घेतो. पण वापरलेला शेवट तर जागेवर आहे ना? मेचे आणि तिचा आजा पेद्रोचं प्रेत पोत्यात घालून गाढवावरून नेताहेत. वाटेत पोराला शोधत निघालेली त्याची आईच समोर येते, एकमेकांना रामराम होतो, आणि ती पुढे जाते. मग उकिरडा. मेक्सिकोत सिनेमा आठवडाभरही टिकला नव्हता. १९५१ मध्ये कानला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पाझने तिथे स्वतः लेख वाटला, तेव्हा घरच्यांना तो दिसला.

अंधारकोठी

धागा वाचून यादी केली. नवख्या माणसाने कुठून सुरुवात करावी? आणि 'त्रिस्ताना' (१९७०) धरायचा की नाही?

पिटातला

'त्रिस्ताना' धरा. तोलेदोतलं चित्रीकरण, स्पॅनिश लेखक गाल्दोसची कादंबरी, सगळं स्पॅनिश. फक्त फ्रेंच नायिका कॅथरीन दनवचा आवाज दुसऱ्या बाईने दिलेला आहे, तेव्हा तिच्या अभिनयाला गुण देताना तेवढं लक्षात ठेवा.

क्रम: आधी 'एल', कारण गोष्ट सरळ आहे आणि बुन्युएलच्या खोडी त्यातून सहज कळतात. मग 'ओल्विदादोस', 'विरिदियाना', आणि 'आन्हेल' शेवटी. 'आन्हेल' आधी लावला तर पुनरावृत्ती ही प्रिंटमधली चूक वाटते आणि माणूस पुढे पळवायला लागतो. 'नासारिन' (१९५९) 'विरिदियाना'च्या आधी बसवलात तर उत्तम, ख्रिस्तासारखं जगू पाहणाऱ्या माणसाचं काय होतं हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

सावळागोंधळ

क्रमाला हरकत नाही. एक तांत्रिक गोष्ट मात्र आधी करा. 'एल' आणि 'ओल्विदादोस' जुन्या, जवळजवळ चौकोनी चौकटीत आहेत. टीव्हीवर पडदा भरावा म्हणून 'झूम' चालू असेल तर वरचा आणि खालचा भाग कापला जातो, आणि 'ताणून' लावलं तर माणसं बुटकी होतात. दोन्ही बंद करा, डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसल्या पाहिजेत. बाकी कुणाच्या सिनेमात एकवेळ चालेल, पण या गृहस्थाच्या चौकटीचा खालचा भाग कापलात तर पावलंच जातील. मग पिटातला यांचा तो पाय धुण्याचा शॉट बघायचा कसा?