मदत हवी आहे: कोर्टाने नेमलेली प्रतिनिधी मुलीची इच्छा मांडेल की स्वतःचं मत?

नमस्कार मंडळी,

माझ्या बहिणीचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. मुलांच्या ताब्यावरून वाद फारच ताणला गेला, तेव्हा कोर्टाने मुलांसाठी एक स्वतंत्र प्रतिनिधी नेमल्या. गार्डियन ॲड लायटम म्हणतात तशा. मुलं त्यांच्या ताब्यात जात नाहीत. मुलांशी बोलायचं, दोन्ही घरं पाहायची, शाळेत चौकशी करायची आणि कोर्टाला अहवाल द्यायचा, एवढं त्यांचं काम.

भाची 12 वर्षांची आहे. तिला बाबांकडे राहायचंय आणि ती ते ठामपणे सांगते. भाचा 6 वर्षांचा, आईला सोडून राहत नाही. दोघांसाठी प्रतिनिधी मात्र एकच. भावंडांची ताटातूट नको, असा त्यांचा कल दिसतोय. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण मग भाचीचं म्हणणं कोण मांडणार?

वाचून एवढं कळलं की मुलाचं हित मांडणारा आणि मुलाची इच्छा मांडणारा वकील, या दोन वेगळ्या भूमिका आहेत. पहिला मुलाच्या इच्छेविरुद्धही शिफारस करू शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारात, कलम 12 मध्ये, मुलाला स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत आपलं म्हणणं मांडण्याची संधी मिळावी आणि वय व समज पाहून त्याला वजन द्यावं, असं आहे. म्हणजे तिची इच्छा हाच निकाल नव्हे, हे मला मान्य आहे. फक्त ती न्यायाधीशांपर्यंत तिच्याच शब्दांत पोचावी.

देशोदेशी नियम वेगळे आहेत, तरी या कामातल्या किंवा यातून गेलेल्या लोकांकडून जाणून घ्यायचंय:

शिफारस उलट असली तरी मुलीची इच्छा अहवालात वेगळी नोंदवावी, असा आग्रह धरता येतो का? दोन भावंडांचं हित एकमेकांच्या आड येत असेल, तर वेगळा प्रतिनिधी मागायचा अर्ज कोणी करायचा? न्यायाधीशांनी तिच्याशी चेंबरमध्ये बोलावं, अशी विनंती करता येते का?

आणि मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती याची: भाचीने त्या प्रतिनिधींना काही सांगितलं, तर ते आईबाबांच्या कानावर जाणार का? 'आईला कळलं तर ती रडेल' असं ती मला म्हणाली. वकिलाशी झालेलं बोलणं जसं गुप्त राहतं, तसं इथे प्रत्येक ठिकाणी राहत नाही असं दिसतं. पुढच्या भेटीआधी तिला हे खरं सांगावं, असं मला वाटतं. पण मी मामा, म्हणजे आईच्या बाजूचा. मी बोललो तर मुलीला पढवल्याचा आरोप होईल का? की तिने हे थेट त्या मॅडमनाच विचारावं?

नवरा-बायकोत चूक कोणाची, यावर कृपया इथे बोलू नका. मुलांबद्दल सांगा.